उकंडरावांच्या शटरची घंटी

गॅरेजला घंटी बसवायची, हे उकंडरावांनी घटस्थापनेच्या दिवशी सकाळी दात घासताना ठरवलं. (त्यांचे बहुतेक निर्णय याच वेळी होत. तोंडात दंतमंजन असलं की बायकोचा सल्ला घ्यावा लागत नसे.)

गॅरेज म्हणजे पूर्वी जिथे म्हैस बांधत, तिथे उभी केलेली पत्र्याची खोली. तिला खामगावच्या एका बंद पडलेल्या दुकानाचं, वर गुंडाळलं जाणारं शटर बसवलं होतं. अख्ख्या धामणगाव बढ्यात घराला असं शटर दुसरं नव्हतं. उकंडरावांनी त्याला इतकं एरंडेल पाजलं होतं, की ते मुकाट्याने वर जाई. मग एक दिवस त्यांच्या मनात आलं, की आपण वर केलेलं आपल्यालाच ऐकू येत नाही, तर चोराने वर केलं तरी कुठे ऐकू येणार?

आत होती स्कूटर. चार वर्षं नंबर लावून मिळालेली, नवी कोरी, आकाशी रंगाची. गावात ती चालवता येणारा दुसरा माणूस नव्हता. (पहिलाही नव्हता, पण हे एकट्या उकंडरावांना ठाऊक होतं.) अकोल्याहून ती ट्रकमध्ये घालून आली. "नवे टायर रस्त्यानं झिजवायचे काऊन?" असं उकंडरावांनी विचारलं, तेव्हा गावाने माना डोलावल्या. मोताळ्याच्या पंचायत समितीत आवक-जावकच्या टेबलावर बसणारा माणूस विचार करूनच बोलणार, अशी गावाची समजूत होती. ते स्वतः अजून एसटीनेच मोताळ्याला जात, कारण गाडीची पूजा व्हायची होती.

आणि पूजेतच सगळी मेख होती. नवं वाहन आधी मारुतीला न्यायचं, मालकाने ते स्वतः हाकत देवळाला पाच प्रदक्षिणा घालायच्या, मगच ते कामाला लावायचं, अशी गावाची रीत. बैलगाडीला हे ठीक होतं. बैलांना देऊळ पाठ असतं. पण मनकर्णाबाईंनी दसऱ्याचा दिवस धरला होता आणि वडनेर भोलजीला माहेरी सांगून टाकलं होतं, "आमचे हे सोता चालवणार हायेत. मी मागं आरतीचं ताट घेऊन बसणार हाओ." चौदा वर्षांच्या संसारात नवऱ्याबद्दल फुशारकीने सांगावं असं त्यांना पहिल्यांदाच काही सापडलं होतं. उकंडरावांना भीती पडण्याची नव्हती. बायकोचा तो उजळलेला चेहरा भरल्या गावासमोर उतरेल, याची होती.

दसऱ्याला नऊ दिवस उरले होते आणि उकंडरावांनी तेवढ्या दिवसांची रजा टाकली होती. शहाण्या माणसाने गाडी शिकायला घेतली असती. उकंडरावांनी घंटी बसवायला घेतली.

सामान दिलं मनकर्णाबाईंच्या धाकट्या भावाने, इंद्रभानने. तो टेलिफोन खात्यात होता. त्याने बोटभर लांबीची काचेची नळी आणली. तिच्यात पत्र्याच्या दोन बारीक जिभा होत्या.

"लोहचुंबक जवळ आलं का ह्या जिभा चिकटते, भाऊजी," तो म्हणाला. "दूर गेलं का सुटते. सुटल्या का घंटी वाजते."

नळी बसली चौकटीला, लोहचुंबक बसलं शटरच्या खालच्या पट्टीला, आणि घंटी बसली स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीच्या वर. लोहचुंबक शाळेच्या गुरुजींकडून आणलं होतं. लाकडी डबीत दोन पट्ट्यांची जोडी येते, त्यातली एक शटरला लागली, दुसरी उरली. मग उकंडरावांनी गल्लीतल्या पुरुषांना गोळा करून कवायत घेतली. घंटी वाजली की काठ्या घेऊन धावायचं. शेजारच्या शेषरावांकडे कडीचं काम होतं.

"पयले बाहेरून कडी घालायची," उकंडरावांनी बजावलं, "मंग इचारायचं, कोण हाय म्हणून."

"हाव, समजलं," शेषराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनकर्णाबाई आडव्या झाल्याचं पाहून उकंडराव गुपचूप सराव करायला गेले. शटर वीतभर वर गेलं आणि स्वयंपाकघरात घंटीने बोंब ठोकली. सगळी गल्ली हजर झाली. "हवा पाहून राह्यलो होतो," उकंडराव म्हणाले. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "फडकं मारून राह्यलो होतो." चौथ्या दिवशी शेषराव काठी टेकून म्हणाले, "उकंडराव, हवा अन् फडकं एकाच दिवशी करत जा ना बाप्पा. आमची झोप होत नाही."

आपल्याच हाताने बसवलेली घंटी आपल्यालाच चोर ठरवते आहे, हे उकंडरावांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी चोराच्या डोक्याने विचार केला. त्यांना तो फार सोपा गेला. नळीला लोहचुंबकच हवं ना? कुठलंही चालेल! उरलेली पट्टी नळीला चिकटवून ठेवली, की शटर खुशाल वर जाऊ दे.

अष्टमीच्या दुपारी मनकर्णाबाई घोरू लागल्या. उकंडरावांनी परातीतली मळलेली कणीक चिमूटभर उचलली आणि फटीतून हात घालून पट्टी नळीशेजारी चिकटवली. शटर वर केलं. घंटी गप्प. उकंडरावांना स्वतःच्या बुद्धीचं इतकं कौतुक वाटलं, की क्षणभर ते तिथेच उभे राहिले. तेवढ्यात गल्लीच्या टोकाला शेषराव दिसले. उकंडराव झटकन आत शिरले आणि त्यांनी शटर खाली ओढलं.

घंटी वाजू लागली.

त्याचं असं झालं, की शटर आदळताच ओल्या कणकेतली पट्टी फिरून उलटी झाली, आणि दोन लोहचुंबकं एकमेकांसमोर उलटसुलट आली, की दोघांचाही जोर मरतो. दोन जावांसारखं. एकेकटी घर चालवते, दोघी चुलीपाशी आल्या की चूल विझते. हे शाळेत शिकवतात. उकंडराव त्या तासाला बहुधा बोरं खायला गेले होते.

बाहेर धावपळ झाली. कवायत उत्तम बसली होती. सर्वांत आधी कडी पडली.

"कोण हाय बे अंदर?" शेषराव ओरडले.

उकंडराव बोलले नाहीत. बोललं तर मालक बंद गॅरेजात काय करत होता, हे सांगावं लागणार. चोर ठरणं त्यांना त्यापेक्षा बरं वाटलं.

"हे कुठं गेले बाई?" बाहेर मनकर्णाबाईंचा आवाज आला. "ते असते तं आत्ता गाडीवर बसून पोलिसाले घेऊन आले असते!"

"पन गाडी तं चोराजवळ हाय, वहिनी," शेषराव म्हणाले.

यावर थोडा वेळ सर्वांनी विचार केला. मग कुणीतरी सुचवलं, की धुरी द्यावी. मनकर्णाबाईंनी स्वतः घरातून मूठभर लाल मिरच्या आणून निखाऱ्यांवर टाकल्या आणि घमेलं शटरच्या फटीशी सरकवलं. घरच्याच मिरच्या, लवंगी. उकंडरावांनी धोतराचा सोगा नाकात कोंबला, स्कूटरच्या सीटमध्ये तोंड खुपसलं, मारुतीला नारळ कबूल केला आणि मग शिंकले. एकदा नाही, ओळीने सात वेळा, आणि सातव्या शिंकेनंतर "अगं आई गं".

बाहेर शेषरावांनी उगारलेली काठी खाली घेतली.

"कडी काढा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "हे सामान आमच्याच घरचं हाय."

शटर वर गेलं. नाकाडोळ्यांतून पाणी गाळत, कपाळाला कणीक लागलेले उकंडराव गावासमोर उभे राहिले. कुणी हसणार, एवढ्यात मनकर्णाबाई पुढे झाल्या.

"काय पाह्यता? घंटी बराबर वाजते का नाही, ते तपासून राह्यले होते. वाजली. जा आता आपापल्या घरी."

सगळे गेल्यावर त्यांनी पदराने नवऱ्याचं तोंड पुसलं.

"येत नाही ना चालवता?"

"नाही," उकंडराव म्हणाले. त्यांना रडू आलं, आणि ते सगळंच मिरचीचं नव्हतं.

"तुमी टायर झिजते म्हनले, तवाच मले समजलं होतं. पन मले वाटलं, नऊ दिवसांत शिकसान. तुमी घंटीच लावत बसले."

दसऱ्याला मारुतीच्या देवळापुढे गाव जमलं. वडनेरहून माहेरची माणसं आली. मनकर्णाबाई आरतीचं ताट घेऊन मागे बसल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "देवापुढं पेट्रोलचा धूर करायचा नाही. मोटारगाडीची परदक्षिणा ढकलूनच घालायची असते." कुणी हरकत घेतली नाही. मोटारगाडीची प्रदक्षिणा आजवर कुणी पाहिलीच नव्हती. इंद्रभान आणि शेषरावांनी मागून ढकललं, उकंडरावांनी गंभीर चेहऱ्याने हँडल धरलं आणि पाच फेऱ्या झाल्या. मनकर्णाबाईंचा चेहरा अजिबात उतरला नाही. उकंडरावांना वाटलं, सुटलो.

दोन वर्षांनी शेषरावांनी ट्रॅक्टर घेतला. त्यांना तो झकास चालवता येत होता. पण देवळापाशी येताच गावाने तो बंद करायला लावला, कारण रीत म्हणजे रीत. ढकलायला आठ माणसं लागली आणि ज्याने रीत पाडली, त्याला मधोमध उभं राहण्याचा मान मिळाला. दुसऱ्या फेरीला चाक चिखलात रुतलं. शेषराव वर हार घालून बसले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं.

"लावा ना जोर, उकंडराव," ते म्हणाले, "अजून तीन बाकी हायेत."