उडालेली मनी

धाकटीच्या संगणकावरच्या खेळात मनी नावाचं एक मांजर स्वयंपाकघरातून पळतं, वाटेत भांड्यांच्या उतरंडी येतात आणि स्पेसची कळ दाबली की मांजर त्यांवरून उडी मारतं. एवढंच. पण हे एवढंच पडद्यावर पळवायला तिचं आणि चष्म्याचं अख्खं सत्र गेलं होतं. चष्मा म्हणजे तिची जोडीदारीण. आज प्रकल्प नापास झाला, तर दोघींचं वर्ष जाणार होतं.

"काही चुकलं तर गं?" चष्म्यानं दारातच विचारलं.

"चुकायला जागा ठेवलीय का मी?" धाकटी म्हणाली.

परीक्षक खुर्चीत टेकले. पडद्यावर मनी शेपटी हलवत उभी राहिली आणि खाली धाकटीनं रचलेली सूचना उमटली:

ठोका कळ भराभर, नको तिची दयामाया;
मनी उडेल वरून, भांडी पडतील पाया.

परीक्षक आज्ञाधारक माणूस. त्यांनी कळ भराभर ठोकली. मनी उडाली. हवेतच पुन्हा उडाली, तिथून आणखी वर, आणि शेपटीचं टोक दाखवून छतापार गेली.

"मांजर कुठंय?"

"वर आहे, सर."

"येणार कधी?"

"येईल की! मांजरच ते. भूक लागली की येतंच खाली."

परीक्षक ठोकत राहिले. मनीचा पत्ता नाही, गुण मात्र उन्हाळ्यातल्या पाऱ्यासारखे चढत होते.

"हिनं खेळ जिंकलाय की घर सोडलंय?" त्यांनी भुवया उंचावत विचारलं. "दुपारपर्यंत मांजर खाली आणा. नाहीतर पुढच्या वर्षी भेटू."

बाहेर आल्यावर चष्म्यानं कपाळावर हात मारला. "अगं, तुझ्या घरचा कीबोर्ड!"

धाकटीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सगळा खेळ घरच्या संगणकावर घडला होता. बाबा शिंपी, गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या ते त्याच्यावरच टाइप करत. त्यांच्या चहाचा अख्खा कप पिऊन कीबोर्डाची स्पेस अशी रुसली होती, की चार-पाचदा ठोकावं तेव्हा एकदा ऐकायची. हवेत दुसरी उडी मारता येते, हे मनीला घरी कधी कळलंच नव्हतं.

"प्रोग्रॅमच्या दोन ओळी बदलू," चष्मा म्हणाली.

"आणि दुसरंच काही उडालं तर? कीबोर्डच आणू. खेळ त्याच्याच तालावर वाढलाय."

बाबा आले ते गळ्यात टेप आणि काखेत अस्तरात गुंडाळलेला कीबोर्ड घेऊन. परीक्षकांनी कळ हळूच दाबली. मनी ढिम्म.

"असं नाही, साहेब," बाबा पुढे झाले. "लाडानं ऐकत नाही हा. हाणा."

परीक्षकांनी हाणलं. मनी उडाली, उतरंड ओलांडून अलगद उतरली. पुन्हा हाणलं. टेबल थरथरलं, पेनं घरंगळली, शेजारच्या खोलीतले कारकून दारात जमले. "डावीकडं थोडं हाणा, तिथं मऊ आहे," बाबा सांगत होते. रांगेतली पोरं ताटकळली, पण परीक्षक "हा शेवटचा" म्हणत डावामागून डाव मांडत होते.

शेवटी घाम पुसून ते म्हणाले, "पास. पण या कीबोर्डाशिवाय खेळ अपुरा आहे. तो इथंच जमा करा. बदल्यात आमचा घेऊन जा."

संध्याकाळी बाबांनी दुकानात परीक्षकांचा धडधाकट कीबोर्ड जोडला आणि चिठ्ठी टाइप करायला बसले. "सदरा" लिहिलं. मग हाताच्या सवयीनं स्पेस ठोकली, ठोकली, आणि ठोकतच राहिले. शेवटी "तयार" लिहून चिठ्ठी छापायला दिली.

"धाकटे, बिघडलेला दिला गं त्यांनी! 'तयार' कुठं गेलं माझं?"

कागद प्रिंटरमधून हळूहळू सरकत होता. वर एकटा सदरा, आणि त्याखाली पांढरंशुभ्र आभाळ.

"खाली आहे, बाबा," धाकटी म्हणाली. "येईल की!"