एकाच उमेदवाराचे दोन जन्म

राष्ट्रीय पातळीवरच्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेला बसण्यासाठी उमेदवाराचा जन्म झालेला असणे आवश्यक आहे. ही अट माहितीपुस्तिकेच्या चौथ्या पानावर असून सर्व प्रवर्गांना सारखीच लागू आहे. नियम असावेत तर असे, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि माझ्या मताला बेलवलीत किंमत आहे. अंबरनाथच्या एका सरकारी कारखान्यात आस्थापना विभागात मी एकतीस वर्षं काढली. आमच्या इमारतीत रेशनकार्ड असो, गॅस असो की पासपोर्ट, फॉर्म भरायला माणसं श्यामकांत साहेबांकडेच, म्हणजे माझ्याकडेच, येतात. मी काळ्या बॉलपेनने, चौकोनाच्या रेघेला न शिवता लिहितो.

२००६च्या डिसेंबरात खालच्या मजल्यावरचे राजरत्न आपल्या मुलीला, स्वप्नालीला घेऊन आले. राजरत्न आमच्याच कारखान्यात टर्नर. पोरगी बारावीला, आणि गणितात अशी की सर तिला फळ्यापाशी बोलवायला कचरत. तिला इंजिनीयर व्हायचं होतं. तेही या परीक्षेतूनच, कारण खाजगी कॉलेज टर्नरच्या पगारात बसत नव्हतं. एकदा परीक्षेला बसायला मिळालं की पुढचं ती बघून घेणार होती.

नाव, पत्ता, वडिलांचा व्यवसाय झाला. जन्मतारखेपाशी माझं पेन थांबलं. शाळेच्या दाखल्यावर एक जून एकोणनव्वद, नगरपालिकेच्या दाखल्यावर चार ऑगस्ट एकोणनव्वद.

यात विशेष काही नाही. जूनमध्ये शाळेत पोरांची रांग लागायची आणि पहिलीसाठी वय पुरं दिसावं म्हणून गुरुजी सरसकट एक जून लिहून मोकळे व्हायचे. आमच्या इमारतीत एकोणीस माणसं एक जूनची आहेत. कारखान्यातून एकतीस मेला आम्ही अकरा जण एकदम निवृत्त झालो, तेव्हा एकच शाल अकरा खांद्यांवरून फिरवून फोटो काढले होते.

"काका, लिव्हिंगवरची टाका ना. सगळे तीच टाकतात," स्वप्नाली म्हणाली.

"सगळे करतात म्हणून आपण करायचं? राष्ट्रीय परीक्षा आहे ही. इथे लपवाछपवी नाही!"

मी चौकोनात एक जून लिहिली, वर तळटीपेची छोटीशी फुली काढली, खाली चार ऑगस्टचा सविस्तर खुलासा केला आणि दोन्ही दाखल्यांच्या साक्षांकित प्रती जोडल्या.

"साहेब, काय लफडं नाय ना होणार?" राजरत्न म्हणाले.

"माझ्या हातचा फॉर्म आजवर परत आलेला नाही," मी म्हणालो.

तोही परत आला नाही. पत्र आलं. "आपल्या अर्जात दोन जन्मतारखा आढळल्या, सबब अर्जदार दोन असल्याचे गृहीत धरण्यात आले आहे. तथापि दोघींचे नाव, छायाचित्र व वडील एकच असल्याने सदर अर्ज म्हणजे एकाच उमेदवाराचे दोन प्रयत्न होत. नियम अकरानुसार उमेदवारास आयुष्यात दोनच प्रयत्न अनुज्ञेय असून ते आपण पूर्ण केले आहेत. पुढील वाटचालीस शुभेच्छा."

मसुदा निर्दोष होता. मी तो कौतुकाने बायकोला, सुनंदाला, वाचून दाखवला.

"पेपर बघायच्या आधीच पोरगी दोनदा बाद?" ती म्हणाली. "आग लागो तुमच्या त्या खुलाशाला!"

राजरत्न, स्वप्नाली आणि मी उल्हासनगरला गेलो. परीक्षेचं विभागीय कार्यालय एका साडीच्या दुकानाच्या वर होतं. सिंधी दुकानदार गल्ल्यावरूनच ओरडला, "एग्जामवाले क्या, साईं? सीधा ऊपर. रोनेवाले सब उधरीच जाते हैं."

वर वृंदा मॅडम नावाच्या अधिकारी होत्या.

"मॅडम, ही एकच मुलगी आहे," राजरत्न म्हणाले. "समोर उभीय बघा."

मॅडमनी बघितलं नाही. "समोर कोण उभं आहे ते पुराव्यात धरत नाहीत."

"मग ही एक का दोन?"

"पात्रतेसाठी दोन. प्रयत्न मोजायला एक."

"पण मी एक्झामला बसलेच नाही ना!" स्वप्नाली म्हणाली.

"प्रयत्न म्हणजे अर्ज. परीक्षा ही त्यानंतरची सोय आहे."

आता सूत्रं मी हाती घेतली. "दोघींपैकी एकीने माघार घेतली तर?"

मॅडमचा चेहरा खुलला. कित्येक दिवसांत त्यांच्याशी कुणी त्यांच्या भाषेत बोललं नसावं. "घेता येईल की. पण ऑगस्टवाली गेली तर जातीचा दाखला तिच्याबरोबर जाईल, तो नगरपालिकेच्या नोंदीवर काढलाय. जूनवाली गेली तर दहावीची मार्कशीट जाईल."

"म्हणजे एकीला जात आहे पण मार्क नाहीत, आणि दुसरीला मार्क आहेत पण जात नाही," राजरत्न सावकाश म्हणाले.

"बरोबर समजलात. राखीव जागेला दोन्ही लागतात."

"मग मला ओपनमधून बसवा," स्वप्नाली म्हणाली. "जूनवालीच बसू दे. मार्क आहेत ना माझे!"

"बसवली असती. पण फॉर्मवर खूण राखीवला आहे. जूनवालीने ऑगस्टवालीची जात लावली, हा गैरप्रकार झाला. तिच्यावर कारवाई होईल."

"आणि ऑगस्टवालीवर?"

"तिने जूनवालीचे मार्क वापरले. तिच्यावरही होईल."

पोरीचे डोळे भरून आले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू! राजरत्न टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाले, "माझ्या बापाला गावच्या शाळेत दाराबाहेर बसवायचे, मॅडम. माझी पोर दोन-दोनदा जन्मली, तरी बाहेरच?"

मॅडमनी पहिल्यांदा मान वर केली. मग खालच्या खणातून एक कागद काढला. नमुना क्रमांक सतरा, एकरूपता प्रतिज्ञापत्र. उमेदवाराला लहानपणापासून ओळखणाऱ्या एका निवृत्त सरकारी नोकराने, या दोन मुली एकच आहेत, असं लिहून सही करायची. मग प्रयत्न एकच धरला जाईल आणि मुलगी परीक्षेला बसेल. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

"बस, एवढंच?" राजरत्न खळखळून हसले. "अहो, आमचे साहेब आहेत ना!"

घरी येऊन मी नमुना नीट वाचला. कलम सहा: "वरील बाब मला स्वतःच्या माहितीने ठाऊक आहे." आता मला विचारात पडणं भाग होतं.

"बारशाला जेवलात ना त्यांच्याकडे? दोनदा जिलबी घेतलीत," सुनंदा म्हणाली.

"जेवलो. पण जन्माच्या वेळी मी हजर नव्हतो."

"तुमचा स्वतःचा जन्म पौषातला. कागदावर जून! त्यावर पेन्शन खाताय, तेव्हा कुणी विचारलं का?"

"म्हणूनच तर," मी आवाज खाली आणून म्हणालो. "जन्मतारखांची चौकशी एकदा सुरू झाली की कुठवर येईल, सांगता येत नाही."

ती म्हणाली, "मी करते सही." पण ती निवृत्त सरकारी नोकर नाही. तिने आमच्या मुलाचा, सोहमचा विषय काढला. सोहम इंजिनीयरिंगलाच आहे. त्याच्या कॉलेजचे चालक माझ्या साडूचे मित्र, त्यामुळे पात्रतेचा प्रश्न आला नाही. तिथे मी न वाचता चार ठिकाणी सह्या केल्या होत्या. पण ते पडलं खाजगी. राष्ट्रीय परीक्षेला अशा गोष्टी शोभत नाहीत.

राजरत्न बुधवारी आले, गुरुवारी आले. मी अभ्यास चालू आहे म्हणून सांगितलं. शुक्रवारी दुपारी दोन वाजता स्वप्नाली एकटीच आली.

"काका, तुम्ही मला सायकल शिकवलीत. मागून धरून धावायचात. तेव्हा सायकलवर किती जणी होतो आम्ही?"

"एकच होतीस, बाळ."

"मग तेवढंच लिहा ना."

"तोंडी वेगळं, लेखी वेगळं," मी म्हणालो. ती जिना उतरून गेली, आणि पाच वाजून गेले.

आता ती उल्हासनगरला बी.एस्सी. करते. जिन्यात भेटली की भिंतीला लागून उभी राहते आणि मला वाट देते. मला ते फार लागतं.

ही हकिकत मी ज्याला सांगतो तो मला शिव्या घालतो. तुम्हीही मनातल्या मनात घातल्याच असतील. घाला. पण एक चांगली बातमी आहे. बारावीनंतर आणखी एक वर्ष अर्ज करता येतो, आणि कार्यालयाने यंदा अट सैल केली आहे. साक्षीदार निवृत्त सरकारी नोकरच हवा, असं आता नाही. ज्याला हे प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत माहीत आहे, असा कोणीही सज्ञान नागरिक चालतो. नमुना सतरा मी बरोबरच ठेवला आहे. आजवर सत्तेचाळीस जणांनी प्रकरण ऐकलं. सगळे हळहळले. एकाचा चष्मा घरी राहिला होता, एकाची बायको अशा भानगडीत पडू देत नाही, एकाने चहा पाजला.

तुम्हाला तर सगळंच माहीत आहे. हे घ्या, इथे नाव, इथे पत्ता, आणि इथे सही. पेन माझं घ्या, चांगलं चालतं.

अहो, पान का उलटताय?