सबनीसांची सपाट छपराची शाळा

माझे आई-बाबा पहिल्यांदा आयर्लंडला, आमच्याकडे शॅननला आले, तेव्हा शेजारच्या सबनीसांनी आपणहून गाडी काढली. "समुद्राचे कडे दाखवून आणतो," म्हणाले. संध्याकाळी परत आल्यावर आईने विचारलं, "अरे, इथे लोक बंद पडलेल्या शाळा बघायला जातात का?" कडे राहिले बाजूला. वाटेतल्या दोन शाळा आणि एक रिकामं ऑफिस बघण्यातच त्यांचा दिवस गेला होता.

सबनीस एअरपोर्टवर विमानं दुरुस्त करतात. इमारतींशी त्यांचा काडीचा संबंध नाही. पण महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये शाळा नि ऑफिसं बांधली त्या धर्तीची, म्हणजे सपाट छप्पर, काँक्रीटचे खांब आणि भिंतभर काचा असलेली इमारत दिसली की हा गृहस्थ भर रस्त्यात गाडी हळू करतो. इथे लोक सहसा हॉर्न वाजवत नाहीत, सबनीसांसाठी वाजवतात.

"अहो, इथल्या पावसात ती छपरं गळतात," मी सांगून थकलो.

"छप्पर सोडा हो, उजेड बघा." हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

गणपतीत मोदकांचं ताट हातात घेऊन ते ट्रलीहून आलेल्या डॉक्टरीणबाईंना खिडक्यांच्या पोलादी चौकटी समजावत बसले. मोदक गार झाले, बाई तापल्या.

मग आमच्या रस्त्याच्या टोकाची, असलीच जुनी शाळा पाडायचं ठरलं. सबनीस विरोधासाठी दारोदार सह्या मागत फिरले. मी सही दिली नाही. शेजारी नवी, उबदार शाळा झाली होती. "द न्यू वन्स ग्रँड, बाबा," असं माझी मुलगीच म्हणत होती.

पाडायच्या दिवशी सकाळी सबनीस नारळ घेऊन दारात हजर. "बांधताना फोडतात, मग पाडताना का नको? चला." मी चडफडत गेलो.

कुंपणापाशी मुकादमाने मला विचारलं, "व्हॉट्स युअर मॅन ॲट?" म्हणजे, हा गृहस्थ करतोय तरी काय?

"प्रेयर," मी पुटपुटलो.

"अह, वर्क अवे," चालू द्या, म्हणत तो बाजूला झाला.

सबनीसांनी नारळ फोडला आणि कोपऱ्यातल्या वर्गाकडे बोट केलं. "तो सईचा वर्ग. वैशाली गेली, त्याच वर्षी पोरीला इथे घातली. इंग्रजी येत नव्हतं. आई नाही. नुसती रडायची. बाई म्हणाल्या, तुम्ही बाहेर थांबा, तिला दिसाल असे. काच पार जमिनीपर्यंत ना. रात्रपाळी संपली की इथे येऊन उभा राहायचो, शाळा सुटेपर्यंत. मान वळवली की तिला मी दिसायचो. मग हळूहळू थांबली रडायची."

सई आता मेलबर्नला असते.

"तिला यातलं काही आठवत नाही," ते म्हणाले. "विचारलं मी. बरंच आहे म्हणा."

तेवढ्यात मशीन सुरू झालं आणि कोपऱ्यातली काच खळकन खाली आली. सबनीसांनी हात वर केला आणि त्या वर्गाकडे बघून हळूच हलवला.