पाल्याविषयी थोडं सांगा

पत्राची सुरुवातच ‘प्रिय बटण’ अशी होती, आणि हे नाव माहीत असलेली माणसं जगात तीनच होती. एक आई, ती समोरच वाटाणे सोलत बसली होती. दुसरा मामा, तो दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. तिसरे बाबा. ते नाव त्यांनीच ठेवलं होतं आणि बहुधा त्या श्रमानेच पुढे बोलणं सोडून दिलं होतं.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. लहानपणी त्यांच्याबरोबर कामावर गेली की मुलगी लिफ्टमधली सगळी बटणं एकदम दाबून ठेवायची, म्हणून बटण. शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव वेगळं होतं, आणि कॉलेजच्या चौकशी अर्जात तिने तेच लिहिलं होतं.

“वाच पुढे,” आई म्हणाली.

“‘प्रिय बटण, आपल्या चौकशीबद्दल आभार. आमच्या वसतिगृहात रात्रभर दिवा चालू ठेवून झोपण्याची सोय आहे.’”

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. बारावीची परीक्षा देऊन बसलेली ही मुलगी अजून दिवा लावून झोपते, हे गुपित घराबाहेर कधी गेलं नव्हतं.

“तू लिहिलंस त्यांना?”

“मी कशाला लिहीन? नाव, ईमेल आणि विषय. बस.”

विषय म्हणजे भूगर्भशास्त्र. ते शिकवणारं हे कॉलेज रात्रभराच्या प्रवासावर होतं. घराजवळही एक कॉलेज होतं, सात मिनिटांवर. त्याचं फाटक स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं आणि डबा विसरला तर हाक मारून देता आला असता. तिथे दगडमाती शिकवत नव्हते, एवढाच त्याचा दोष. आईला तो दोष वाटत नव्हता. “बाप जन्मभर वर-खाली करतोय,” ती म्हणायची, “आणि ही नुसतीच खाली चाललीय.”

शुक्रवारी संध्याकाळी पाचला प्रवेशाची मुदत संपणार होती, आणि आज सोमवार होता. बटणला जायचं होतं. फार जायचं होतं. पण घरात ते मोठ्याने म्हणायचा अजून धीर झाला नव्हता.

मंगळवारी बरोबर चार वाजता, कुणीही हात न लावता, टेबलावरचा फोन उजळला.

“‘प्रिय बटण, आमच्या आवाराची भिंत उंच आहे. आपल्या डाव्या गुडघ्याची खूण सायकलवरून पडल्याची नसून शेजारच्या गच्चीची भिंत उतरताना झालेली आहे, हे लक्षात घेऊन ही सूचना.’”

आईने त्या गुडघ्याकडे पाहिलं.

“सायकल नव्हती?” आईने हळू विचारलं.

“आई, आत्ता महत्त्वाचं ते आहे का?”

“चार टाके पडले होते. मी त्या सायकलला लाथ मारली होती. अंगठा सुजला होता माझा.”

तिने मामाला बोलावून घेतलं. मामाला कॉम्प्युटरमधलं कळतं असा घरात समज होता, कारण त्याने एकदा टीव्हीचा रिमोट उघडून परत बंद केला होता. त्याने दोन्ही पत्रं वाचली, दार आतून लावलं आणि कुजबुजत्या आवाजात म्हणाला, “ताई, घर ऐकतंय.”

“काय?”

“घर. आपलं बोलणं कुठूनतरी तिकडे जातंय. आता एक शब्द बोलायचा नाही.”

हे त्याने पुढची पंचवीस मिनिटं समजावून सांगितलं. मग फोनच्या कॅमेऱ्यांवर चिकटपट्ट्या लागल्या. भिंतीवरचं घड्याळ खाली उतरलं, कारण त्याची टिकटिक मामाला मुद्दाम केल्यासारखी वाटत होती. महत्त्वाचं बोलणं बाथरूममध्ये, नळ सोडून, असं ठरलं. बाबा कामावरून आले तेव्हा बायको, मेहुणा आणि मुलगी तिघंही बाथरूममधून ओळीने बाहेर पडताना त्यांना दिसली. त्यांनी चपला काढल्या, घड्याळाच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं आणि हात धुवायला गेले.

“दाजींना सांगायचं का?” मामाने चिठ्ठीवर लिहिलं.

“ते ‘हं’ म्हणतील,” आईने खाली लिहिलं.

बुधवारी चार वाजता आलेलं पत्र मामाने स्वतः वाचायला घेतलं आणि मध्येच खाली बसला.

“‘प्रिय बटण, आपल्या घरी सध्या नळ सोडून बोलतात असे समजते. पाण्याची काळजी घ्यावी. घड्याळ काढल्यामुळे वेळेचा अंदाज येत नाही, तरी ते पुन्हा लावल्यास बरे.’”

आईने उठून आधी नळ घट्ट केला आणि मग घड्याळ लावलं. त्या अदृश्य कॉलेजचं म्हणणं तिला पटलं होतं, आणि त्यामुळेच ती जास्त घाबरली होती.

“अशा ठिकाणी पोरगी पाठवायची नाही,” ती म्हणाली. “इथे बसून त्यांना आपला नळ दिसतो, तर तिथे गेल्यावर हिचं काय होईल? जवळच्या कॉलेजचा अर्ज आण. मी सही करते.”

बटणने अर्ज आणला. तिलाही आता त्या कॉलेजची भीती वाटायला लागली होती. तरी तिने तो आईसमोर ठेवला नाही, पुस्तकाखाली सरकवला.

त्याच वेळी भिंतीवर ट्यूबलाइटमागून एक पाल बाहेर आली आणि थांबली. तिचे डोळे काळेभोर होते आणि ती तिघांकडे एकदम पाहत होती. शंकेची पाल चुकचुकते असं आपण म्हणतो. ही चुकचुकत नव्हती. ऐकत होती.

मामाने सापळा लावायचं ठरवलं. रात्री सगळे जेवायला बसल्यावर तो भिंतीकडे तोंड करून, शाळेतल्या नाटकातल्यासारखं म्हणाला, “आपल्या बटणला कोबी किती आवडतो, नाही?”

“हो तर,” आई छताला म्हणाली. “जीव आहे तिचा कोबीवर.”

बाबांनी तिघांकडे पाहिलं, वाढून घेतलं आणि जेवत राहिले.

गुरुवारी चार वाजता पत्र आलं. “‘प्रिय बटण, आपल्याला कोबी आवडतो असे घरात सांगितले जाते. पालकांच्या मते ते खरे नाही. लहानपणी आपण तो खिशात भरून लिफ्टच्या फटीतून खाली टाकत असा. खानावळीस तसे कळवले आहे.’”

“पाल!” मामा ओरडला आणि केरसुणी घेऊन भिंतीकडे धावला.

पुढच्या पंधरा मिनिटांत एक फुलदाणी फुटली. पाल ट्यूबलाइटमागे गेली ती गेली. बटण मात्र एका शब्दापाशी अडकली होती. पालकांच्या मते. पालक दोनच. त्यातली एक स्टुलावर चढून ट्यूबलाइटमागे टॉर्च मारत होती. आणि अर्जात आणखी एक रकाना होता, आईला न सांगितलेला; तो भरल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं: पालकाचा फोन नंबर. तिने तिथे बाबांचा टाकला होता. आईचा टाकला असता तर आईला कळलं असतं, आणि बाबांना काही कळलं तरी ते सांगणार कोणाला?

शुक्रवारी दुपारी ती बाबांच्या कामावर गेली. सातमजली ऑफिसची इमारत होती, जेवणाच्या सुट्टीमुळे सामसूम. लिफ्टवर ‘दुरुस्ती चालू’ची पाटी होती. ती जिन्याने चौथ्या मजल्यावर पोचली, आणि तिथेच थबकली.

बंद दाराच्या फटीतून, खालच्या अंधारातून, एक आवाज येत होता. आवाज बाबांचा होता, पण असा तिने कधी ऐकला नव्हता. तो थांबतच नव्हता. अठरा वर्षांत त्यांनी घरात वापरले नसतील इतके शब्द त्या विहिरीतून वर येत होते.

“...मग परवा मेहुणा भिंतीशी बोलत होता. आज सकाळी पालीच्या मागे लागलेत. मला काही विचारत नाहीत, मीही विचारत नाही.”

मग दुसरा आवाज आला. बाईचा, सपाट, कुठल्याच वयाचा नसलेला. “पाल्याविषयी आणखी काही सांगायचे असल्यास बोलत राहा. नसल्यास हॅश दाबा. हॅश न दाबल्यास अर्ज अपूर्ण राहील आणि आपणास उद्या पुन्हा फोन येईल.”

“आहे ना, बाई, सांगायचं आहे,” बाबा म्हणाले. “तिला यायचंय तुमच्याकडे. म्हणाली नाही, पण आठवीपासून तिच्या उशीखाली दगड असतात, मी चादर झटकतो ना. आता मी ‘जा’ म्हटलं तर तिच्या आईला वाटेल, मला काही वाटत नाही. ‘थांब’ म्हटलं तर ती थांबेल. पोरगी ऐकणारी आहे. म्हणून मी काहीच म्हणत नाही.”

बटणने दार दोन्ही हातांनी थोडं सरकवलं. खाली, अडकलेल्या लिफ्टच्या टपावर मांडी घालून, शेजारी उघडा डबा ठेवून बाबा बसले होते. त्यांनी वर पाहिलं. फोन कानाशीच होता.

“बाबा,” ती म्हणाली, “ती बाई नाहीये. मशीन आहे. तुम्ही जे बोलता ते सगळं मला पत्रातून येतं.”

“मशीन आहे ते माहीत आहे,” बाबा म्हणाले. “‘दरवाजा बंद होत आहे’ म्हणणारीबरोबर अठरा वर्षं काढलीत मी.” मग म्हणाले, “पत्रं येतात ते माहीत नव्हतं.”

“मग हॅश का नाही दाबलंत?”

बाबांनी डब्याचं झाकण लावलं. एकदा काढलं, पुन्हा लावलं.

“दाबलं की संपणार ना.”

वर-खाली कुठेतरी एक तार बारीकशी वाजली. बटणला काहीतरी बोलायचं होतं, पण या कामात ती बापावर गेली होती.

“पाचला मुदत आहे,” ती शेवटी म्हणाली.

बाबा उभे राहिले आणि त्यांनी हात उंच करून फोन तिच्यापर्यंत पोचवला. “तू दाब. आपल्याकडे बटणं तूच दाबतेस.”

तिने दाबलं. “धन्यवाद,” बाई म्हणाली, आणि गेली.

चार वाजता घरात फोन उजळला. मामा केरसुणी घेऊन तयार होता. बटणने आईला सगळं सांगितलं होतं, तरी आईने शेवटचं पत्र स्वतः वाचलं, ओठ हलवत, दोनदा.

“‘प्रिय बटण, आपला अर्ज पूर्ण झाला. आपल्या खोलीत एक जादा गादी ठेवण्यात येईल, कारण पाल्याची आई पहिल्या महिन्यात तीनदा येईल, असे पालकांचे मत आहे.’”

मग तिने डोळे पुसले, आणि पुस्तकाखालचा जवळच्या कॉलेजचा अर्ज काढून त्यावर वाटाण्यांचं भांडं ठेवलं.

“तीनदा कशाला,” ती म्हणाली. “दोनदाच जाईन.”

कॉलेज सुरू झालं. पहिल्या दिवशी दुपारी एक वाजता बटणने बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, “हं.” मग म्हणाले, “जेवलीस?” मग म्हणाले, “बरं.” आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने घसा खाकरला आणि आवाज अगदी सपाट केला.

“नमस्कार. पाल्याविषयी किंवा पाल्याच्या आईविषयी थोडं सांगा. बोलून झाल्यावर हॅश दाबा.”

पलीकडे लिफ्टच्या टपावर डब्याचं झाकण वाजलं.

“पाल्याची आई आहे ना, बाई,” बाबा सुरू झाले, “पोरगी गेल्यापासून बाथरूममध्ये नळ सोडून बसते. तिला वाटतं, पाण्याच्या आवाजात दुसरा आवाज ऐकू येत नाही...”

त्या दिवशी घरात आई एकटीच होती. चार वाजता, कुणीही हात न लावता, टेबलावरचा तिचा फोन उजळला.

‘प्रिय आई, पाण्याची काळजी घ्यावी. गादी घालून ठेवली आहे.’

आईने फोन खाली ठेवला आणि हळूच मान वर केली. ट्यूबलाइटमागून पाल बाहेर आली होती.

“तू सांगितलंस?” आईने विचारलं.

पाल चुकचुकली.