ग्रेडरकाकांची एक नंबर वायर

आमच्या शेजारच्या ग्रेडरकाकांच्या हातात काहीही द्या, ते आधी त्याची प्रत ठरवतात. पेढा द्या, लग्नाची पत्रिका द्या, रेशनचे गहू द्या. वस्तू दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ताणतात, एक डोळा बारीक करतात आणि निकाल देतात. "एक नंबर." नाही तर, "फरदड." फरदड म्हणजे हंगाम संपल्यावर झाडावर उरलेला शेवटचा मरतुकडा कापूस. काका कापूस खरेदी केंद्रावर प्रतवारी करायचे. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण बोटं अजून ड्युटीवर आहेत. ताणलेला पेढा तुटतो हे सांगायला नकोच. तुटका पेढा तोंडात टाकून काका म्हणतात, "धागा आखूड."

कापसात तीन गोष्टी बघतात: धाग्याची लांबी, कचरा आणि ओलावा. ओलावा असला की भाव पडतो. माणसांनाही काकांचा हाच नियम. मिठाईच्या वजनात खोका मोजणाऱ्या दुकानदारांविरुद्ध मी पहिलं पत्रक छापलं, तेव्हा काकांनी ते चिमटीत ताणलं, मग मला न्याहाळलं. "लांबी चांगली हाय पोरीची. कचरा जास्त. ओलावा बिलकुल नाई." मी ते कौतुक समजले. अजूनही समजते. ओलाव्यानं चळवळी चालत नाहीत. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'पत्रकवाली'.

तर असा हा वस्तूची पारख असलेला माणूस मागच्या उन्हाळ्यात लुबाडला गेला, आणि तोही हसतहसत.

काका काकूंना घेऊन अमरावतीला गेले होते. येताना भिंतभर टीव्ही घेऊन आले, आणि त्या टीव्हीला जोडायची एक वायर. वायर कसली, दागिनाच. आत मखमल लावलेली डबी. टोकांना सोन्याचा मुलामा. अंगावर पैठणीच्या काठासारखी वीण. किंमत ऐकून मी पायरीवरच बसले. तेवढ्यात आमच्या घरी नवा कूलर आला असता, आणि अकोल्याच्या मे महिन्यात कूलर म्हणजे काय हे अकोल्याबाहेरच्यांना सांगण्यात अर्थ नाही.

"काका, टीव्हीसोबत आलेली वायर कुठाय?"

"ते फरदड. माळ्यावर टाकली."

"अहो, चित्र तेच येतं."

"तुले काय समजते? वजन पाह्य हिचं. हातात घेऊन पाह्य."

"वायरीचं वजन करून काय करायचंय? भाजीत टाकायचीय का?"

"दुकानदार सोता बोलला. या वायरनं चित्र धुवून निघते."

चित्र धुवून निघते. या एका वाक्यावर मी रातोरात पत्रक लिहिलं. मथळा: 'वायर महाग, चित्र तेच'. मजकूर असा: ग्राहकहो, एचडीएमआय वायरीतून चित्र जात नाही, आकडे जातात. आकडा पोचतो किंवा पोचत नाही. नीट पोचला नाही तर चित्र अडकेल, ठिपके येतील, पडदा काळा होईल. पण धूसर होणार नाही. सोन्याच्या टोकानं धूसर चित्र साफ होतं असं सांगणारा दुकानदार एक तर अडाणी आहे किंवा चोर. वायर लांबच लांब ओढायची असेल तर जरा बरी बघून घ्या. टीव्ही आणि सेट-टॉप डबा यांच्यात हातभर अंतर असेल तर साधी वायर पुरे.

हे पत्रक कॉलनीतल्या प्रत्येक घरी गेलं. काकांनी मात्र दारातच परत केलं. ताणूनही पाहिलं नाही. "हे घरात नको." एवढंच बोलले आणि दार लावलं. मला राग आला. खोका मोजणाऱ्यांनीसुद्धा माझं पत्रक वाचून मग फाडलं होतं.

वायर आल्यापासून काकांना नवं वेड लागलं. मॅच असली की ते सोफा सोडून टीव्हीला खेटून स्टुलावर बसत आणि चित्राची तारीफ करत सुटत. तारीफ म्हणजे तीन तास, न थांबता. "पाह्य, गवताची पातीन् पाती दिसून राहिली. पाह्य, बॉलरच्या बुटाची लेस सुटली. आता पाह्य, थो डावीकडचा पोट्टा मांगं सरकला. बॅटच्या मधात लागला बॉल, चालला, चालला, दोरीच्या पार. इतकं साफ दिसते, बाप्पा." भिंतीपलीकडे बसून मी अभ्यास करायचे आणि मॅच मला पाठ व्हायची. कॉलनीतली माणसं त्यांच्याकडे मॅच बघायला एकदा गेली, दुसऱ्यांदा गेली नाहीत. सुमनकाकू तेवढ्या सोफ्यावर बसून ऐकत. काकू क्रिकेटच्या वेड्या. लहानपणी मूर्तिजापूरला भावांच्या टीममध्ये विकेटकीपर होत्या म्हणे.

बाकीचे सोडा, पण जाहिरात करणाराच शेजारी असेल तर चळवळ कशी चालायची? कॉलनीत आणखी दोन घरं त्या वायरीसाठी अमरावतीला जायला निघाली होती. ती जाण्याआधी हा निकाल लागायला हवा होता. रविवारी मॅचच्या वेळी मी साधी वायर आणि एक टॉवेल घेऊन काकांच्या घरात शिरले.

"परीक्षा घ्यायची," मी म्हणाले. "जोडणी टॉवेलखाली. कोणती वायर लावली ते मी सांगणार नाही. तुम्ही प्रत ठरवायची."

"काई गरज नाई."

"भ्याले वाट्टे," सोफ्यावरून काकू म्हणाल्या.

मग काकांना इलाज राहिला नाही.

आधी मी त्यांचीच सोन्याची वायर ठेवली. काकांनी एक डोळा बारीक केला. बराच वेळ पाहिलं. "फरदड. रंग पाह्य कसा मेला हाय." मग माझी साधी वायर लावली. "हां. हे एक नंबर. धुतल्यावानी." मी टॉवेल उचलला. आयुष्यात इतक्या आनंदानं मी कुठलाही टॉवेल उचललेला नाही.

काका वायरीकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "माया डोयाचं काय घेऊन बसली. सुमनले इचार. थे सांगन तेच खरं."

ठीक. मी पुन्हा टॉवेल टाकला आणि टीव्हीमागे वाकले. माझी वायर काढली. आता आधी कोणती लावावी म्हणून दोन्ही वायरी हातात घेऊन उभी होते. पडद्यावर नुसता निळा रंग आणि 'सिग्नल नाही' अशी पाटी.

"हां," काकू म्हणाल्या, "आता कसं साफ दिसते. ही याईचीच वायर हाय. एकदम एक नंबर."

मी दोन्ही वायरींकडे पाहिलं. मग काकूंकडे. त्या पडद्याकडेच बघत होत्या, कौतुकानं.

आणि काका, ज्यांना ती पाटी माझ्याइतकीच स्वच्छ दिसत होती, ते स्टूल पुढे सरकवत बोलायला लागले. "पाह्य, निघाला बॉलर. टोपी अंपायरजवळ देली. अन् पाह्य, केस कसे उडून राहिले त्याचे..." निळ्या पडद्यावर त्यांनी अख्खी एक ओव्हर टाकली. शेवटच्या बॉलला चौकारही मारला. मधेच माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं प्रत ठरवण्याचं नव्हतं. गप राहा, असं होतं.

मी हाताला लागेल ती वायर जोडली. टीव्हीचा आवाज परत आला. काकू चहा ठेवते म्हणून उठल्या. मी त्यांच्या मागे गेले.

आत काकूंनी चहाचा डबा न चाचपडता उचलला, साखरेचा बाजूला ठेवला. त्या स्वयंपाकघरात सगळं जागच्या जागी होतं. इतकं, की आधी लक्षात यायला हवं होतं.

"काकू, टीव्ही बंद पडल्यासारखाच होता."

"मालूम हाय ना. आवाज कुठी होता?" त्यांनी गॅस पेटवला. "पण तू टॉवेल उचलला तवा हे गपच झाले. म्हटलं, एक तरी नंबर भेटू द्या याईले."

"किती दिसतं तुम्हाला?"

"हालचाल दिसते. तू आली हे दिसते. तू कोन हे तुया भांडनावरून समजते." काकू हसल्या. "शुगर हाय ना मले. अमरावतीच्या डाक्टरनं सांगतलं, डोयाचा पडदा गेला, आता बदलता येत नाई. हे बाहेर आले, बसले. मंग म्हने, चाल. अन् सीधा टीवीच्या दुकानात. जो पडदा बदलता येते थो बदलला याईनं. वायर बी सगळ्यात भारी द्या म्हने, चित्र धुसर नाई दिसाले पाह्यजे."

मला माझं पत्रक आठवलं. आकडा पोचतो किंवा पोचत नाही. चित्र धूसर होणार नाही. म्हणजे धूसर दिसत असेल तर दोष वायरीचा नव्हे. पुढचं मी छापलं नव्हतं, पण वाचता येत होतं. म्हणूनच काकांना ते घरात नको होतं.

"त्यांना सांगत का नाही, की ती तारीफ कशासाठी चालते ते तुम्हाला कळतं म्हणून?"

"काहून सांगू? कापसाच्या सीजनमधे घरी येत तवा दोन शब्द बोलत. भाजी एक नंबर, पोया फरदड. झालं. आता तीन तीन घंटे बोलतेत." त्यांनी चहा गाळला. एक थेंब बाहेर सांडला नाही. "चित्राचं मले नाई समजत वं. पण या वायरनं आवाज साफ येऊन राहिला."

त्या दोन घरांना मी अमरावतीला जाऊ दिलं नाही, ते वेगळं. ती वायर लूट आहे, हे माझं मत आजही आहे. दुकानदार तर नक्कीच चोर आहे.

आम्ही चहा घेऊन बाहेर आलो, तर काका जोडणी तपासत होते. माझी वायर काढून त्यांनी आपली लावली, स्टुलावर बसले, आणि मग जरा घसा खाकरून, काकूंना ऐकू जाईल असं म्हणाले, "सांग पत्रकवाली. कोनती वायर एक नंबर?"

काकू सोफ्यावर बसता बसता थांबल्या.

मला खोटं बोलता येत नाही. शिकायचाही विचार नाही.

"वायर फरदडच आहे, काका," मी म्हणाले. "कॉमेंट्री एक नंबर."

काकांनी एक डोळा बारीक केला. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"लांबी तशीच हाय पोरीची," ते पडद्याकडे वळत म्हणाले. "कचरा बी हाय. पण आज ओलावा लागून राहिला थोडा. भाव पडन तुया." आणि मग काकूंकडे स्टूल सरकवून, "पाह्य वं, नवा बॅट्समन आला. हिरवे ग्लोज. चालता चालता आभायाकडे पाहून राहिला."