धुतलेलं पाचट

शशिधरनं आठवडाभर उसाचं पाचट धुऊन गच्चीवर वाळत घातलं, तेव्हा कसबा बावड्यात त्याच्या डोक्याविषयी कुणाला शंका उरली नाही. शेजारच्या बाळाबाईंनी तर कठड्यावरून विचारलंच, "मास्तर, साबण कंचा लावतायसा?"

इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या शशिधरनं घरामागच्या परड्यात पाचटापासून गॅस करणारी भट्टी उभारली होती. तिच्यात तापलेली वाळू खालून येणाऱ्या हवेवर उकळल्यासारखी नाचत राहायची. पाचटातले क्षार वितळले, की वाळूला गाठी व्हायच्या आणि भट्टी बंद. म्हणून हे धुणं. आज पुण्याहून, भट्टीला पैसे देणाऱ्या संस्थेच्या प्रीतीमॅडम तपासणीला येणार होत्या. वाळू मोकळी राहिली तर भट्टी राहणार, नाहीतर भंगारात. त्याच गॅसवर त्यांच्यासाठी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, शिजवायची होती.

भट्टी पेटवून शशिधर मॅडमना आणायला स्टँडवर निघाला. जाताना वडिलांना म्हणाला, "आप्पा, नुसतं लक्ष ठेवा. हात लावू नका."

पंचाक्षरी आप्पांची हयात गूळ विकण्यात गेली होती. पूजेवाचून पेटलेली भट्टी त्यांना बघवेना. त्यांनी नारळ फोडला, पाचट घालायच्या तोंडातून पाणी आत शिंपडलं, वर गुळाचा खडा टाकला. वाळू जडपणानं नाचू लागली. नैवेद्य कमी पडला असं समजून त्यांनी अर्धी ढेप फोडून घातली. वाळू गुरगुरली. मग दारात बांधलेले केळीचे खुंटही तोडून आत गेले. वाळू गप्प झाली.

हुग्गीचं पातेलं घेऊन सून शिवगंगा आली. "मामा, काय केलासा?"

"शांत केली."

शिवगंगानं आत डोकावून बघितलं. तिनं पातेलं लाकडाच्या चुलीवर चढवलं आणि मामांना लांब कट्ट्यावर नेऊन बसवलं.

स्टँडवरून परतल्यावर शशिधरनं मॅडमसमोर भट्टीत गज खुपसला. गज टणकन वाजला. आत वाळूची अखंड ढेप झाली होती. त्याला रडू यायचंच बाकी राहिलं.

"आठवडाभर धुतलं हो, आप्पा."

"मग त्यात चव कुठली राहतीय?"

मॅडमनी वहीत नोंद केली. हुग्गीची वाटी हातात आल्यावर मात्र त्यांनी शिवगंगाला विचारलं, "एवढी घट्ट, आणि गाठ एकही नाही. काय केलंत?"

"ढवळत राहिलो. आणि मामांना चुलीपाशी येऊ दिलं न्हाय."

मॅडमना ठसका लागला. "महिनाभर मुदत देते," त्या शशिधरला म्हणाल्या. "पण भट्टीपाशी शिवगंगांना उभं करा."

शशिधरच्या जिवात जीव आला. कट्ट्यावरून आप्पांनी रिकामी वाटी पुढं केली.

"गूळ जरा कमीच पडलाय बघ."