छाती नव्वद (धुण्याआधी)

माणसाची छाती ही त्याची पूर्णपणे खाजगी बाब आहे. तिचा आकडा मात्र बनियनच्या मानेशी, मागच्या बाजूला, म्हणजे मालक सोडून बाकी सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी शिवलेला असतो. होजिअरी धंद्यातल्या लोकांनी ही व्यवस्था पूर्ण विचाराअंती केली असणार. तिच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही.

मी गुंडू पोवार. पंचायत समितीच्या आवक-जावक टेबलावर सत्तावीस वर्षं काढून निवृत्त झालो. हल्ली प्रभात योग मंडळ, शाहूपुरी, या संस्थेचा चिटणीस आहे. पुढची हकिकत दप्तरात आहे तशी देतो.

सन २००५ च्या सुमारास कोल्हापुरात योगाची साथ आली. (चिकुनगुनियाची त्यानंतर आली.) टीव्ही लावला की कोणीतरी पोट आत-बाहेर करत असायचं. त्यामुळे आम्ही एकतीस सभासदांनी एका मंगल कार्यालयाचा हॉल पहाटेपुरता मिळवून वर्ग सुरू केला. वेळ साडेपाच ते साडेसहा योग, साडेसहा ते साडेसात मिसळ. (दुसऱ्या सत्राची हजेरी शंभर टक्के.) शिकवायला अरुणाताई मगदूम होत्या. शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या, किरकोळ बांध्याच्या, आणि आवाज असा की शवासनात झोप लागलेला माणूस उठून सावधान उभा राहावा.

अध्यक्ष होते रुद्रय्या हिरेमठ. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं उभे राहिलेला माणूस. लांबून येणारी उसाची गाडी पाहून तिचं वजन सांगायचे आणि ते फारसं चुकायचं नाही. स्वतःच्या वजनाबद्दल मात्र त्यांनी कधी अंदाज केला नाही. तरुणपणी तालमीत जात. १९६९ साली त्यांची छाती नव्वद होती, फुगवून पंचाण्णव. ही माहिती वर्गात नव्या आलेल्या प्रत्येक सभासदाला पहिल्या आठवड्यातच मिळे.

त्या वेळी सभासदांच्या पोशाखावर मंडळाचं कोणतंही नियंत्रण नव्हतं. तेरा जण ऑफिसच्या जुन्या पँटीत येत. सहा जण पट्ट्यापट्ट्यांच्या नाडीच्या चड्डीत, चार पायजम्यात, एकजण जावयाच्या बर्म्युडात. उरलेल्यांचं वर्णन दप्तरात नाही. मग २००६ च्या फेब्रुवारीत, पश्चिमोत्तानासनात वाकताना, खुद्द अध्यक्षांची टेरिकॉटची पँट मागून उसवली. आवाज मोठा झाला. अरुणाताई म्हणाल्या, "अण्णा, आसनाला अंगाबरोबर ताणणारं कापड लागतंय की! सुती होजिअरी घ्या. घाम टिपतंय, हवा खेळती, कुठं काचत न्हाय."

त्याच आठवड्यात वारणानगरहून पत्र आलं. एक मे रोजी तिथे अनेक वर्गांची मिळून प्रात्यक्षिकं होणार होती, आणि सर्वांनी एकसारख्या पोशाखात यावं अशी विनंती होती. योगायोगाने दोन्ही गोष्टी जुळल्या. लगेच वस्त्र उपसमिती नेमण्यात आली. सदस्य तीन: अध्यक्ष, मी, आणि पिठाच्या गिरणीचे मालक पिराजी खोत.

उपसमितीने शाहूपुरीतल्या शांतिनाथ शेठच्या होजिअरीच्या दुकानाला चार भेटी दिल्या. शेठ हा शांत माणूस. गळ्यात टेप, डोळ्यांवर चष्मा, समोर तिरुपूरच्या मालाचे गठ्ठे. उपसमितीने कापडाची कसून परीक्षा घेतली. टी-शर्ट उजेडाला धरून पाहिला. कापडाला तोंड लावून फुंकर मारली. पलीकडे पिराजीच्या मिशा हलल्या, यावरून हवा खेळती असल्याची नोंद केली. दोन टोकांना दोघांनी धरून ओढला आणि सोडला. चांगलं विणकाम जागच्या जागी परत येतं, स्वस्तातलं तसंच लोंबत राहतं, हे शेठनं दाखवलं आणि ते खरं निघालं. शिलाई आतून बघायची, काखेत जोड जाड नको, खांद्याला पट्टी हवी. हेही त्यानं सांगितलं, आम्ही लिहून घेतलं.

शेवटी तो म्हणाला, "आणि एक. कापूस हाय हा. धुतला की आखडतोय. प्रत्येकानं एक नंबर मोठाच घ्या."

बाहेर आल्यावर उपसमितीची तातडीची बैठक पानपट्टीपाशी झाली. अध्यक्षांचं म्हणणं असं, की दुकानदार ज्याअर्थी मोठे नंबर घ्या म्हणतो, त्याअर्थी त्याच्याकडं मोठे नंबर पडून असले पाहिजेत. दुकानदार खरं बोलत असेल ही शक्यता कोणी मांडली नाही, त्यामुळे तिच्यावर चर्चा झाली नाही.

आता नंबर गोळा करणं आलं. शेठ टेप घेऊन वर्गावर यायला तयार होता. परंतु सभासदांच्या छातीला परक्या माणसाने हात लावणं अप्रशस्त वाटल्याने मी छापील अर्ज काढला. त्यात एकच रकाना होता: 'छाती (सेंटिमीटर), स्वतःच्या जबाबदारीवर'. अर्ज परत आले, तेव्हा मंडळाची सरासरी छाती अठ्ठ्याऐंशी निघाली. साठीच्या आसपासच्या, रोज मिसळ खाणाऱ्या एकतीस माणसांसाठी ही अभिमानाची बाब होती. अध्यक्षांनी नव्वद लिहिलं होतं. फक्त पिराजीनं एकशे दहा लिहिलं. एकूण तक्त्यात ते शोभेना, म्हणून मी त्याचा अर्ज 'फेरविचारार्थ' परत पाठवला. त्यानं तो पुन्हा एकशे दहा लिहूनच दिला, शिवाय आकड्याखाली रेघ मारली. असा माणूस उपसमितीवर घ्यायला नको होता.

मार्च अखेर कपडे आले. छातीवर मंडळाचं नाव छापलेले पांढरे टी-शर्ट, निळ्या सुती ट्रॅक पँटी. सभासदांनी ते घातले आणि वर्गात विलक्षण शांतता पसरली, कारण पिराजी सोडून कोणालाच बोलण्याइतका श्वास घेता येत नव्हता. अरुणाताईंनी प्राणायाम सुरू केला, तेव्हा तीस जणांनी श्वास घेतल्याचा अभिनय केला.

"पूर्ण घ्या की! पोटापर्यंत!" त्या ओरडत होत्या. "नुसती मान काय वर करताय?"

शेठनं प्रत्येक पिशवीत निगा राखण्याची चिठ्ठी घातली होती. कपडा उलटा करून, गार पाण्यात, हलक्या हाताने धुवावा. पिळू नये, दाबून पाणी काढावं. दोरीवर खांद्याला चिमटे लावून टांगू नये, ओल्या कापडाचं वजन त्यालाच खाली ओढतं. सावलीत आडवं पसरून वाळवावं. अत्यंत उपयुक्त चिठ्ठी होती. मी तिची प्रत करून, जावक क्रमांक टाकून, सर्व सभासदांच्या घरी पाठवली. एकतीसपैकी एकोणीस घरांत तिच्यावर दुधाचा हिशोब लिहिलेला नंतर आढळला.

अण्णांच्या घरी चिठ्ठी पोचली होती. परंतु एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुसऱ्या सत्रात त्यांच्या टी-शर्टवर, बरोबर मंडळाच्या नावावर, मिसळीचा कट सांडला. डाग घेऊन वारणानगरला जाणं शक्य नव्हतं. घरी शिवम्मावहिनी म्हणाल्या, "मी गार पाण्यात साबण लावून ठेवतो, दोन दिवसांत जाईल." पण अण्णांना दम निघेना. त्या देवळात गेल्या असताना त्यांनी बंबातलं कढत पाणी काढलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला, कपडा तासभर मुरवला, दगडावर आपटला, पीळ घातला, आणि गच्चीवरच्या पत्र्यावर भर दुपारी वाळत घातला. डाग गेला. त्याबरोबर आणखीही बरंच काही गेलं.

एक मेच्या सकाळी तो टी-शर्ट त्यांच्या अंगात घालायला वहिनींना, टाल्कम पावडरला आणि शेजारच्या एका गृहस्थांना पंधरा मिनिटं लागली.

"दुसरं काय तरी घाला हो," वहिनी म्हणाल्या. "लहान पोराचं झालंय ते."

"आज मंडळाचा मान हाय," अण्णा म्हणाले. पुढे बोलायला हवा उरली नाही.

वारणानगरच्या मैदानावर हजारेक लोक होते. पाहुण्यांनी फीत कापली. आमचा वर्ग पुढे गेला, अण्णा सर्वांत पुढे. नमस्कार झाला. अरुणाताईंनी "दोन!" म्हटलं आणि अण्णांनी दोन्ही हात वर नेले. टी-शर्ट बरगड्यांच्या वर चढला, बाह्या खांद्यांत गच्च बसल्या, आणि हात वरच राहिले.

"तीन!" बाकी सगळे वाकले. अण्णा उभेच.

पाहणाऱ्यांना वाटलं, हे काहीतरी अवघड आसन आहे. माइकवरच्या गृहस्थांनी सांगितलं, "शाहूपुरीचे अध्यक्ष ऊर्ध्वहस्त स्थितीत आहेत. बघा, अजिबात हलत नाहीत." टाळ्या पडल्या. सूर्यनमस्कार संपले, वृक्षासन झालं, त्रिकोणासन झालं. अण्णा त्याच स्थितीत. पुढच्या रांगेतले एक आजोबा नातवाला म्हणाले, "बघ, ह्याला म्हणत्यात साधना."

मी शेजारीच होतो. अण्णांचा चेहरा आधी लाल होता, मग जांभळट झाला. डोळे मोठे झाले. मला वाटलं, टाळ्यांमुळे गहिवरून आलं असेल. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला माझ्याच श्वासाची पंचाईत होती.

बायकांच्या रांगेतून शिवम्मावहिनी उठल्या ते मी पाहिलं. बासष्ट वर्षांची बाई, एकदम पळायला लागली. पाहुण्यांच्या टेबलावर फितीचं तबक होतं, त्यातली कात्री त्यांनी जाता जाता उचलली. एका स्वयंसेवकानं अडवलं, "मावशी, कार्यक्रम चालू हाय!"

"माझं माणूस गुदमरतंय, आणि तू टाळ्या वाजीव!" असं म्हणून त्यांनी त्याला बाजूला सारलं. अण्णांपाशी पोचल्या, खालच्या काठापासून गळ्यापर्यंत एका दमात टी-शर्ट कापला. मंडळाचं नाव मधोमध दुभंगलं. अण्णांचे हात धपकन खाली आले आणि त्यांनी एक श्वास घेतला. असा श्वास मी त्या वर्षभरात एकाही सभासदाकडून ऐकला नव्हता. तो थेट पोटापर्यंत गेला, आणि पोट, सदतीस वर्षं आत ओढून धरलेलं, सगळ्यांसमोर बाहेर आलं.

अरुणाताई तिथंच उभ्या राहून मोठ्यानं म्हणाल्या, "हां! असा घ्यायचा असतो श्वास! वरीसभर हेच सांगतोय मी!"

परतीच्या गाडीत अण्णा वहिनींची शाल पांघरून खिडकीशी बसले होते. हळूच म्हणाले, "लगीन झालं तवा नव्वदच होतो की गं."

"मला म्हाईत न्हाय," वहिनी म्हणाल्या. "मी कुठं टेप घेऊन आलतो?"

"मग काय बघितलंस?"

"मला बघायला आलता तवा तुम्ही आमच्या आप्पांची गुळाची ढेप उचलून आत ठेवलीसा. कुणी सांगितलं नव्हतं. तेवढं बघितलं." शाल नीट करत त्या म्हणाल्या, "आणि आता बसा सोडून. किती वरसं धरून बसलाय ते पोट."

अण्णा हसले. हसताना शाल सुटली, ती त्यांनी परत ओढली नाही.

दुसऱ्या दिवशी ते शेठच्या दुकानात गेले, हात पसरून उभे राहिले आणि म्हणाले, "घ्या माप." शेठनं टेप लावला. एकशे पाच. त्यानं एकशे दहाचा काढून दिला. अण्णांनी तिथंच अंगात घातला, दोन्ही हात वर केले, खाली आणले, पुन्हा वर केले. दुकानातल्या गिऱ्हाइकांना वाटलं, म्हातारा कवायत करतोय.

पिराजी सोडून बाकीचे सभासद आठवड्याभरात गेले. प्रत्येकजण एकेकटा, दुपारच्या वेळी, भाच्यासाठी पाहिजे असं सांगून. मोठ्या अंगाचे एकोणतीस भाचे एका आठवड्यात निघाले याचं शेठला नवल वाटलं नाही. त्यानं फक्त एक सोय केली: विचारायच्या आत मानेपाशी शिवलेला आकडा उसवून द्यायचा. (पिराजीनं तेवढा आपला आकडा उसवू दिला नाही. म्हणाला, "राहू दे की, धुवायला देताना वळखायला बरं.") मंडळानेही ठराव करून छातीचा रकाना अर्जातून वगळला. वर्गात आता श्वासाचा आवाज येतो. माझा स्वतःचा नंबर कार्यालयीन गोपनीयतेमुळे देता येत नाही.

राहता राहिलात तुम्ही, वाचक. तुम्हाला अण्णांचं हसू आलं असेल. ते मंडळाला मान्य आहे. पण तुमच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, मागे, एक सुती शर्ट आहे. थोडं बारीक झालो की घालीन, म्हणून ठेवलेला. तो तुम्ही कोणाला देत नाही, भांडीवालीला नाही, बोहारणीलाही नाही. कपड्याची याहून चांगली निगा मी पाहिलेली नाही: तो आखडलेला नाही, उसवलेला नाही, त्याचा रंगही उतरलेला नाही. गेल्या महिन्यात घरी कोणी नाही असं बघून तुम्ही तो एकदा अंगात घालून पाहिलात, आरशासमोर बाजूने उभे राहिलात, आणि हल्ली कापडच बरोबर येत नाही असं पुटपुटत परत ठेवलात. घडी मात्र पहिल्यासारखी जमली नाही. घरात ते सगळ्यांच्या लक्षात आलेलं आहे. कोणी बोलत नाही, एवढंच.